स्कॉलरशिपच्या खिडकीशेजारी

आमच्या कॉलेजात 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लावलेली एक खोली आहे. दुसऱ्या मजल्यावर, स्टाफरूमच्या बरोबर समोर. आत दोन गुबगुबीत खुर्च्या, टीपॉय, प्लास्टिकची फुलं आणि भिंतीवर सूर्योदयाचं पोस्टर. या खोलीत पोरं येत नाहीत. समोर दहा-पंधरा सर चहा पीत बसलेले असताना त्या दारात शिरायचं म्हणजे आपलं काहीतरी बिघडलंय हे सगळ्या कॉलेजला सांगून शिरायचं. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची कमिटी यायची असली की वर्गशिक्षक चार-पाच जणांना पाठवतात. ती रजिस्टरला सही करतात, 'काही नाही मॅडम, सगळं बरं हाय' म्हणतात आणि जातात.

मी त्या खोलीची मॅडम. समाजकार्यातलं एमएसडब्ल्यू केलेली, अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर असलेली. जाहिरातीत काम लिहिलं होतं 'वंचित घटकांतील विद्यार्थ्यांना समुपदेशन व शैक्षणिक साहाय्य'. पहिल्या वर्षी मी त्या गुबगुबीत खुर्चीत बसून वंचित घटकांची वाट बघितली. ते खाली रांगेत उभे होते.

आता माझं टेबल खालीच आहे. ऑफिसच्या व्हरांड्यात स्कॉलरशिपची खिडकी आहे, तिच्या शेजारी. समोर एक लांब लाकडी बाकडं, कुठल्याशा जुन्या वर्गातलं, ब्लेडनं बदाम कोरलेलं. टेबल खाली आणायचं म्हटल्यावर बैठकीत एका सरांनी विचारलं, 'आणि गोपनीयतेचं काय?' प्रश्न रास्तच होता. म्हणून वरची खोली सोडलेली नाही. ज्याला दार लावून बोलायचंय त्याला मी वर नेते. पण बोलायला सुरुवात तिथं होत नाही, खिडकीशी होते. खिडकीशी प्रत्येकाचं काम असतं. तिथं तासभर उभं राहिलं तरी कुणी 'का रे, काय झालं?' म्हणून विचारत नाही.

खिडकीच्या आत भाऊसाहेब बसतात. कोल्हापुरात कॉलेजच्या क्लार्कला भाऊसाहेबच म्हणायचं, नाव कुणाला माहीत नसलं तरी चालतं. आमचे भाऊसाहेब वाणिज्य शाखेचे पदवीधर, समुपदेशनाचं एकही पुस्तक न वाचलेले. पण पोरगा खिडकीत वाकला की कागद हातात घ्यायच्या आधी 'जेवलास काय रं?' हे विचारणार. मी दोन वर्षं शिकले ते 'रॅपो बिल्डिंग', म्हणजे समोरच्याशी नातं जुळवणं, ते हेच.

महाडीबीटी या सरकारच्या स्कॉलरशिप पोर्टलचं काम ज्यांनी जवळून बघितलेलं नाही त्यांना वाटतं, फॉर्म भरला की झालं. फॉर्म भरणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाईल, मार्कशीट, रेशनकार्ड, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. एखाद्या कागदावर 'पाटील' आणि दुसऱ्यावर 'पाटिल' असलं की अर्ज 'सेंड बॅक'. त्यात हे दाखले आणायचे कुठून, तर चंदगडच्या पोरीनं चंदगडहून आणि गगनबावड्याच्या पोरानं गगनबावड्याहून. बाप उसाच्या नाहीतर काजूच्या रानात, आई दुसऱ्याच्या बांधावर. कचेरी सोमवार ते शुक्रवार, कॉलेजही तेव्हाच. ७५ टक्के हजेरीचा नियम तर सगळ्यांना सारखाच आहे.

मग सगळे कागद झाले, अर्ज मंजूर झाला, आणि पोरगी येऊन म्हणते, 'मॅडम, पैसे पडल्यात म्हणून दाखवतंय, पण खात्यावर न्हाईत.' ही तक्रार इतक्या वेळा येते की भाऊसाहेब मानही वर न करता विचारतात, 'मोबाईलचं कार्ड घेतलंतीस काय नवीन?' घेतलेलं असतं. थेट लाभाचे पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधार क्रमांकाला शेवटचं जे खातं जोडलं गेलं त्यात जातात. कार्ड घेताना दुकानदारानं अंगठा घेतला, त्यात एक खातंही उघडलं गेलं, आणि पैसे तिथं जाऊन बसले. तिला ते खातं असल्याचाच पत्ता नाही. पैसे बुडालेले नसतात. पण मेसेज येऊनही पैसे नाहीत म्हटल्यावर पोरगी किती रात्री झोपली नसेल ते तिच्या डोळ्यांवरून कळतं. घरी सांगायची सोय नसते, कारण बाप पहिलं हेच म्हणणार, 'कुणाला दिलास?'

दुसरा प्रकार याहून अवघड. अनुसूचित जातीच्या मुलांची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्यांसाठी. २०२१-२२ पासून तिच्यातला केंद्राचा ६० टक्के वाटा सरळ विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, आणि त्यातली फी त्यानं सात दिवसांत कॉलेजात भरायची असा नियम आहे. मधले लोक पैसे खातात म्हणून थेट देणं हा विचार चुकीचा नाही, मी त्याच्या बाजूचीच आहे. पण हे पैसे येतात कधी, तर आम्हाला सांगता येत नाही. कधी वर्ष संपताना, कधी पुढच्या वर्षात. ज्या घरात एकरकमी पाच आकडी रक्कम कधी आलीच नाही त्या घरात ती एका संध्याकाळी येते. त्याच आठवड्यात आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असतं, नाहीतर बचत गटाचा हप्ता थकलेला असतो. पैसे जातात. मग कॉलेज हॉलतिकीट अडवतं आणि पोरगा परीक्षेआधी आठ दिवस दिसेनासा होतो.

आता हा प्रश्न पैशाचा, अभ्यासाचा की मनाचा? रजिस्टरमध्ये 'समस्येचे स्वरूप' असा रकाना आहे आणि त्यात एकच शब्द मावतो. मी 'आर्थिक' लिहिते. पण त्या पोराला मी जे तासभर सांगत बसते ते आर्थिक नसतं. तू चोरी केलेली नाहीस, घरच्यांनीही केलेली नाही, हप्ते पाडून मागू, अर्ज मी लिहून देते, प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी बरोबर येते. बहुतेक वेळा हप्ते मिळतात. मागायला जाणारं कुणीतरी लागतं, एवढंच.

शाहू महाराजांच्या गावात राहून हे लिहायची खरं तर गरज पडू नये. दसरा चौकात आणि आसपास फिरून बघा. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग, त्याच साली जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. १९०२ चा ५० टक्के राखीव जागांचा हुकूम सगळ्यांच्या तोंडी असतो, पण त्या माणसानं नुसता हुकूम काढून सोडून दिलं नाही. खेड्यातला पोरगा शहरात आला तर झोपणार कुठं आणि जेवणार कुठं, हे त्यानं आधी बघितलं. दर जूनमध्ये २६ तारखेला आमच्याकडं यावर दणक्यात भाषणं होतात. भाषण संपलं की श्रोत्यांतली अर्धी पोरं हॉस्टेलची यादी लागली का ते बघायला पळतात.

गेल्या काही वर्षांत माझ्या मनात सगळ्यात जास्त राहिलेला पोरगा शाहूवाडीकडच्या एका धनगरवाड्यावरचा. बीएस्सी पहिलं वर्ष. आला होता जातीच्या दाखल्यासाठी. भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला, नाहीतर जन्म-मृत्यूची नोंद, गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुकाची नक्कल. घरात बारावी पास झालेला हा पहिला. आणि सरकार त्याला म्हणतं, आजोबा शाळेत गेल्याचा कागद आण. आजोबा उभ्या आयुष्यात म्हसरांमागं डोंगरातच राहिलेले. वाड्यावर जन्मलेल्याची नोंद कोण कुठल्या चावडीवर जाऊन करणार?

भाऊसाहेबांनी त्याला बाकड्यावर बसवलं, पाठकोऱ्या कागदावर पेनानं एक रेघ मारली आणि म्हणाले, 'आजोबांचे भाऊ सांग. सख्खे, चुलत, सगळे.' पोरगा सांगत गेला, कागदावर फांद्या वाढत गेल्या. अधेमधे तो घरी फोन लावून विचारायचा, तिकडनं म्हातारीचा मोठ्यानं बोलल्याचा आवाज यायचा. डोंगरावर रेंज नसते, फोन लावायचा तर तिला टेकाडावर नेऊन उभं करावं लागायचं. अशी ती वंशावळ दोन-तीन बैठकांत झाली. शेवटी एक चुलत आजोबा सापडले, ज्यांना लहानपणी एका पावसाळ्यात खालच्या गावात बहिणीकडं ठेवलं होतं. बहिणीच्या नवऱ्यानं त्यांना शाळेत नेऊन बसवलं असावं, असा म्हातारीचा अंदाज.

अंदाज खरा निघाला. त्या गावच्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एक ओळ होती. नाव, वडलांचं नाव, जात 'धनगर', इयत्ता पहिली, साल १९५८. शाळा सोडल्याचं कारण: 'सतत गैरहजर'. तेवढ्या ओळीचा उतारा हेडमास्तरांच्या सहीशिक्क्यानिशी, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, आणि प्रांत कचेरीतून दाखला. सतत गैरहजर राहिलेल्या त्या म्हाताऱ्यानं नातवाला हजेरीपटावर ठेवलं, असं भाऊसाहेब अजून सगळ्यांना सांगतात.

आता मुद्दा असा की वंशावळीच्या त्या बैठकांत पोरगा बाकीचंही बोलला. कागद समोर असला, बोट कागदावर असलं की पोरांना बोलायला सोपं जातं. समोरच्याच्या डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. तो शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत रात्रपाळीला होता. कोअर शॉपमध्ये. सकाळी सुटून खोलीवर अंघोळ, आणि तसाच पहिल्या लेक्चरला. केमिस्ट्रीच्या तासाला झोपतो म्हणून वर्गात त्याचं एक नावही पडलेलं होतं. पहिल्या सेमिस्टरला तीन विषय राहिले होते. मी विचारलं, 'कळत नाही का शिकवलेलं?' तर म्हणाला, 'सर काय सांगत्यात ते कळतंय मॅडम. पेपरात काय लिवायचं ते कळत न्हाई.'

हे वाक्य मी नंतर सगळ्या विभागप्रमुखांना ऐकवलंय. कारण 'शैक्षणिक साहाय्य' म्हणजे आमच्याकडं काय, तर तेच लेक्चर पुन्हा एकदा, दुपारी साडेतीनला, त्याच वेगानं. रिमेडियल. त्या वर्गाला कोण असतं? शहरातली, गाडीवरून येणारी पोरं, ज्यांना त्याची फारशी गरज नसते. गरज असलेली सव्वातीनलाच स्टँडवर गेलेली असतात, कारण पुढची गाडी थेट मुक्कामाची. त्यातून गावाकडच्या पोरींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो आणि एफवायला आलं की बंद होतो. सवलतीचा पास असला तरी तो पैसे मोजूनच काढायचा, आणि घरात दोघं शिकणारी असली की पहिला कुणाचा बंद होतो ते सांगायला नको. साडेतीनच्या वर्गाची हजेरी कमी का, यावर दर वर्षी बैठक होते. एसटीचं वेळापत्रक त्या बैठकीत कधी कुणी आणत नाही. मी एकदा नेलं होतं, स्टँडवरच्या फळ्याचा फोटो काढून. सरांनी मोबाईल हातात घेतला, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, 'गगनबावड्याला आता वडापच्या जीपा पण आहेत की.'

तर त्या पोराच्या बाबतीत आम्ही लेक्चर वाढवलं नाही. विद्यापीठाकडून त्याच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. तिसऱ्या वर्षाची एक मुलगी आहे, कागलकडची, स्वतः दोन बॅक काढून वर आलेली. तिला त्याच्याबरोबर बाकड्यावर बसवलं, त्याच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सकाळी. तिनं झेरॉक्स चाळली आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं: 'अरे, एक्स्प्लेन म्हटलंय, तू डेफिनेशन लिहून सोडून दिलाईस. पाच मार्काला तीन ओळी?' त्यानं आयुष्यभर प्रश्नोत्तरं पाठ केली होती. प्रश्नातलं क्रियापद वाचायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. स्टेट म्हटलं तर किती, डिराइव्ह म्हटलं तर कुठनं सुरुवात, आकृतीला नावं का द्यायची, पाच मार्काला साधारण किती लिहायचं. हे कुठल्याच अभ्यासक्रमात नाही, आणि ज्यांच्या घरी आधी कुणी शिकलंय त्यांना ते जेवताना ऐकून आपसूक कळलेलं असतं. तीनपैकी दोन विषय पुढच्या खेपेला सुटले. तिसरा अजून आहे. फाउंड्री त्यानं सोडलेली नाही, फक्त पाळी बदलून घेतली.

पोरींच्या बाबतीत मला जास्त जपून पावलं टाकावी लागतात. तुळशीचं लग्न झालं की दुसऱ्या वर्षाच्या वर्गातून एकेक बाक रिकामा व्हायला लागतो. पोरगी येऊन सरळ सांगत नाही. ती बोनाफाईड मागायला येते, आणि कशाला पाहिजे विचारलं की भिंतीकडं बघते. स्थळ आलेलं असतं. अशा वेळी मी बापाला फोन करत नाही. बापाला बाहेरच्या बाईनं फोन केला की तो अडून बसतो. त्याला भावकीत तोंड दाखवायचं असतं. मी विचारते, 'मामा कुठं असतात?' आमच्या भागात भाचीच्या लग्नात मामाचा शब्द चालतो, आणि बऱ्याचदा मामाच्या घरातली सून शिकलेली असते. मामांना सांगायचं ते एकच: परीक्षा एप्रिलमध्ये आहे, तिथवर थांबा, डिग्रीला दीड वर्ष राहिलंय. लग्न करू नका असं मी कधीच म्हणत नाही. तारीख पुढं ढकलायची बोलणी करते. एकदा अशीच बोलणी चालू असताना मामा म्हणाले, 'मॅडम, तुमी आमच्या गल्लीत असतासा तर आमी सरपंचच केलं असतं.' ती पोरगी आता तिसऱ्या वर्षाला आहे. लग्न ठरलंय, मे महिन्यातलं. पत्रिका द्यायला आली होती, पेढे ठेवले आणि 'मी जातो मॅडम, प्रॅक्टिकल हाय' म्हणून पळाली.

काही गोष्टी माझ्या हातातल्या नसतात, तेही सांगायला हवं. ज्याची झोप महिनोन्महिने उडालीय, जेवण सुटलंय, जो 'मी नसलो तर बरं' असं हसत हसत बोलून जातो, त्याला माझ्या बाकड्याचा उपयोग नाही. त्याला डॉक्टर लागतात. सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे. सरकारची १४४१६ ही टेलिमानसची हेल्पलाईन २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. अडचण अशी की सीपीआरच्या त्या ओपीडीबाहेर गावचं कुणी भेटलं तर काय, ही धास्ती आजारापेक्षा मोठी असते. म्हणून मी बरोबर जाते. केसपेपर मी काढते, रांगेत मी उभी राहते. कुणी ओळखीचं भेटलंच तर त्याला वाटतं, मॅडमना दाखवायला आणलंय. वाटू दे की.

यातलं काही नॅकच्या फाईलीत बसत नाही. तिथं 'निराकरण' असा रकाना आहे. त्यात 'झाले' किंवा 'नाही' लिहायचं.

भाऊसाहेब येत्या मे महिन्यात रिटायर होतायत. त्यांची जागा भरली जाणार नाही. अनुदानित कॉलेजांतल्या शिक्षकेतर भरतीची गत सगळ्यांना ठाऊक आहे. कुठल्या तालुक्याच्या सेतूत उत्पन्नाचा दाखला लवकर मिळतो, मोडीतली नोंद असली तर वाचून कोण देतं, कुठल्या गावात जुनं रजिस्टर शाळेऐवजी हेडमास्तरांच्या घरी ट्रंकेत आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात. महापुराच्या वर्षांत आंबेवाडी-चिखलीच्या पोरांचे भिजलेले दाखले इस्त्रीखाली वाळवून स्कॅन केलेले आहेत या माणसानं. मी एक दोनशे पानी वही केलीय. रोज दुपारी जेवणानंतर अर्धा तास ते सांगतात आणि मी लिहून घेते. अजून करवीर आणि पन्हाळाच संपलेत.

परवा प्राचार्यांनी बोलावून विचारलं की स्कॉलरशिपचं लॉगिन तुम्हीच घ्याल का, समुपदेशन सांभाळून. मी म्हटलं, घेते, पण सीझनला एक माणूस मदतीला द्या, बाकडं आहे तिथंच राहू दे आणि ऑर्डर अकरा महिन्यांची नको. पहिल्या दोन्ही गोष्टींना ते लगेच हो म्हणाले. तिसरीसाठी अर्ज द्या म्हणाले. दिलाय.